मिरीच्या नावानं चांगभलं

परदेशात नव्यानं संसार थाटलेल्या मराठी जोडप्याचं पहिलं भांडण पैशावरून होतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. सासूवरून म्हणावं तर ती बिचारी सातासमुद्रापार असते. भांडण होतं ते पेपरवरून. पाककृतीत लिहिलेलं असतं, 'एक रेड पेपर बारीक चिरून घ्या'. नवरा दुकानात जातो, मसाल्यांच्या फळीवर 'रेड पेपर' असं ठसठशीत लिहिलेली बाटली त्याला दिसते आणि गड जिंकल्याच्या थाटात तो ती घरी आणतो. "अरे, ही पूड आहे." "मग?" "चिरू कशी?" दुसऱ्या खेपेला तो लवंगीएवढ्या सुक्या लाल मिरच्या आणतो. "या नव्हेत रे, ती मोठी, गरगरीत, भाजीत घालतात ती!" "म्हणजे ढोबळी मिरची? मग मिरची म्हण ना, पेपर काय म्हणतेस?" "मी नाही म्हणत, ते म्हणतात!" तिसऱ्या खेपेला तो ढोबळी मिरची आणतो, तेव्हा पास्त्याचा लगदा झालेला असतो आणि वर भुरभुरायला जी काळी मिरी लागते, तिलाही पेपरच म्हणतात, ही माहिती बायकोनं तोवर मुद्दाम राखून ठेवलेली असते. एवढ्यात पुण्याहून सासऱ्यांचा फोन येतो, "काय जावईबापू, आजचा पेपर पाहिलात का?"

यावर सर्वमान्य मराठी निकाल असा की इंग्रजी ही भाषाच गबाळी आहे. वेलीवर घोसानं लटकणारी मिरी, वांग्या-टोमॅटोच्या कुळातली लाल मिरची आणि तिचीच तिखटपणा सोडून दिलेली ढोबळी बहीण, या सगळ्यांना एकाच नावानं हाक मारायची म्हणजे शाळेतल्या सगळ्या मुलांना 'ए बंड्या' म्हणण्यासारखं. आरोप बिनतोड वाटतो. माझं म्हणणं मात्र असं आहे की हा घोळ इंग्रजीचा नाहीच, तो जिभेचा आहे. जिभेनं वनस्पतिशास्त्र वाचलेलं नसतं. चटका बसला की ती ओळखीचं पहिलं नाव उच्चारून मोकळी होते. हा उद्योग तिनं जगातल्या बहुतेक भाषांमध्ये केला आहे आणि सर्वांत हिरिरीनं केला आहे तो आपल्याच घरात. शब्दाची कुळकथा सांगणाऱ्या माणसाशेजारी पंगतीत कुणी बसत नाही, हे ठाऊक असूनही ती सांगणं भाग आहे. ज्यांना पुढचं पान वाढून घ्यायचं असेल त्यांनी खुशाल सरकावं.

पेपर हा शब्द मुळात आपला. संस्कृतातली पिप्पली म्हणजे आपली पिंपळी. ती ग्रीकांकडे जाऊन पेपेरी झाली, रोमनांकडे पिपेर झाली आणि तिथून युरोपातल्या भाषांमध्ये पांगत इंग्लंडात पेपर होऊन बसली. पिंपळी आज काष्ठौषधींच्या दुकानातच भेटते. बोटाच्या पेराएवढी करडी, खडबडीत कांडी, वरून पाहिलं तर दाणेच दाणे एकमेकांत रुतलेले. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकूट खोकल्याच्या चाटणापलीकडे हल्ली कुणाला आठवत नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी पिंपळीचा तोरा वेगळाच होता. रोमन लेखक प्लिनी यानं तिचा भाव नोंदवून ठेवला आहे: पौंडाला पिंपळी १५ दिनार, पांढरी मिरी ७ आणि काळी मिरी अवघी ४. म्हणजे काळी मिरी ही गरिबाची पिंपळी होती. आता मिरीला स्वतःचं नाव नव्हतं असं थोडंच आहे? मरिच असं चांगलं खणखणीत संस्कृत नाव होतं. पण मलबारच्या बंदरात काहीसा असा संवाद झाला असावा. "हे काय?" "मरिच." "पेपेरी?" "मरिच." "हां, हां, पेपेरी!" "बरं बाबा, पेपेरी. पैसे काढ." दुकानदारानं गिऱ्हाइकाचा उच्चार सुधारू नये, हा व्यापाराचा जुना नियम आहे.

हा त्या शब्दाचा पहिला घोळ आणि तो इंग्लंडात इंग्रजी जन्मायच्या कितीतरी आधी झालेला आहे. खुद्द प्लिनीचा समज असा होता की पिंपळी, पांढरी मिरी आणि काळी मिरी ही सगळी एकाच झाडाची वेगवेगळ्या वेळी तोडलेली फळं. पांढरी आणि काळी मिरी एकाच वेलीची असते, तेवढं त्याचं बरोबर. पिंपळीचा वेल वेगळा, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं असतं की नाही शंका आहे, कारण तो रागावलेला होता. या मिरीत तिखटपणाखेरीज आहे तरी काय, ना गोडवा ना रूप, आणि एवढ्यासाठी आपण थेट हिंदुस्थानापर्यंत जातो, असा त्याचा त्रागा. दरसाल ५ कोटी सेस्टर्स हिंदुस्थान गिळतो, हा हिशेबही त्यानंच मांडला. महागाईच्या नावानं बोटं मोडायची आणि तीच वस्तू पानात वाढून घ्यायची, ही रीत कांद्याच्या भावाबरोबर सुरू झाली असं आपल्याला उगाच वाटतं.

नाव एकदा मिरीला चिकटल्यावर तिनं जे काही केलं ते थक्क करणारं आहे. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेस राजाच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे सापडले. तो वारला इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये, म्हणजे मिरी नाकात जाऊनही न शिंकलेला हा इतिहासातला बहुधा एकमेव माणूस. ४०८ साली गॉथांचा राजा अलारिक यानं रोमला वेढा घातला, तेव्हा खंडणीत ५ हजार पौंड सोनं, ३० हजार पौंड चांदी आणि ३ हजार पौंड मिरी मागितली. सोन्याचांदीच्या यादीत मिरी पाहून रोमच्या कारकुनानं पुन्हा विचारून खात्री करून घेतली असेल. बाराव्या शतकात लंडनमध्ये मिरीवाल्यांचा संघ होता. जर्मन माणूस गब्बर व्यापाऱ्याला 'मिरीचं पोतं' म्हणून हिणवायचा. डच लोक भयंकर महाग वस्तूला अजूनही 'मिरीइतकी महाग' म्हणतात. आणि जर्मन माणसाला एखादा नकोसा झाला की तो म्हणतो, "जा तिकडे, जिथे मिरी पिकते!" जिथे मिरी पिकते ते ठिकाण म्हणजे केरळ, कारवार, आपलं कोकण. हल्ली तोच जर्मन वर्षाची रजा साठवून, विमानाचं तिकीट काढून, स्वखर्चानं नेमका तिथेच येऊन पडतो.

पुढे मिरी स्वस्त झाली आणि शब्दानं कोलांटी उडी मारली. इंग्रजी कायद्यात 'पेपरकॉर्न' म्हणजे मिरीचा एक दाणा, नाममात्र भाड्याची खूण. बर्म्युडा बेटावर सेंट जॉर्ज गावात जुनी सरकारी इमारत आहे. १८१६ पासून ती तिथल्या फ्रीमेसन मंडळींकडे भाड्यानं आहे आणि वार्षिक भाडं मिरीचा एक दाणा. तो कागदाच्या पुडीत बांधून देऊन टाकावा, तर नाही. चांदीचं तबक, त्यावर मखमली उशी, उशीवर तो एकुलता एक दाणा, बँड, सलामी आणि भाडं वसूल करायला जातीनं गव्हर्नर. मुंबईतल्या पागडीच्या घरमालकांनी हा सोहळा एकदा पाहावा. त्यांना मिळणारं भाडं साधारण तेवढंच असतं, बँड मात्र कुणी लावत नाही. कायद्याची आणखी एक गंमत. चॉकलेटच्या वेष्टनांवरून इंग्लंडात एक खटला लॉर्डांच्या सभागृहापर्यंत गेला. १९५९ च्या त्या निकालात एका न्यायमूर्तींनी अशा आशयाचं मत दिलं की, ज्याला मिरी द्यायची ठरली त्याला मिरी आवडत नसली आणि तो ती फेकून देणार असला, तरी करार करारच राहतो. इतक्या गंभीर चेहऱ्यानं इतक्या बारीक दाण्याचा विचार स्वयंपाकघरात कुणी केला नसेल. माझ्या मुद्द्याला यातून एवढं मिळतं की या शब्दानं आपल्या मालकाच्या पाना-फुलांची कधीच पर्वा केली नव्हती. तो कधी चटक्याला चिकटला, कधी भावाला.

आता मुख्य आरोपी. कोलंबस १४९२ मध्ये निघाला तो पूर्वेकडच्या मसाल्यांच्या मुलखात पोचण्यासाठी. सोबत मिरीचा नमुना होता. भेटेल त्याच्यापुढे तो धरायचा आणि खुणेनं विचारायचं, "हे आहे का?" समोरचा माणूसही सभ्य. परक्याचा हिरमोड कशाला करा, म्हणून तोही खुणेनं सांगे, "आहे की, तिकडे पुढे आहे!" आपल्याकडे पत्ता विचारणाऱ्याला असंच सांगतात. मिरी काही मिळाली नाही. मिळाली ती तिथल्या लोकांची 'अही', म्हणजे मिरची. जानेवारी १४९३ मध्ये कोलंबसानं रोजनिशीत लिहून टाकलं की ही यांची मिरी असून आपल्या मिरीपेक्षा सरस आहे. स्पॅनिशमध्ये मिरी ही 'पिमिएंता', स्त्रीलिंगी. नव्या वस्तूला त्यांनी 'पिमिएंतो' म्हटलं, पुल्लिंगी. लिंग बदललं की नात्याची कागदपत्रं कुणी मागत नाही. इंग्रजांनी तेवढीही तसदी घेतली नाही, सरळ पेपर म्हटलं.

इथे आक्षेप येतो की ही नुसती फसवणूक होती. राजाराणीचे पैसे खर्चून माणूस रिकाम्या हातानं परत येतोय, तो मिरचीला मिरी म्हणेल नाही तर काय करेल? बहाणा म्हणून तो ठीक आहे, पण मग बाकीच्यांचं काय? हंगेरीच्या शेतकऱ्याला कुठल्या राणीला हिशेब द्यायचा होता? त्याच्या 'पाप्रिका'चं मूळही स्लाव्ह भाषांतल्या मिरीच्या नावात आहे आणि ते नाव लॅटिन पिपेरपासून आलेलं. अरबांकडे पिप्पलीचं 'फिल्फिल' झालं होतं. त्यांनीही तेच नाव मिरचीवर घातलं. एखादी चूक एकानं केली तर लबाडी म्हणू, दोघांनी केली तर योगायोग म्हणू, पण सगळ्यांनीच केली तर तिला रिवाज म्हणणं भाग आहे.

आणि आपण? "आमच्याकडे मिरी वेगळी, मिरची वेगळी," असं मराठी शुद्धतावादी मिशांना पीळ देत सांगतो. अहो, पण मिरची हा शब्द आला कुठून? त्याच मरिचापासून. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्याच्या वाटेनं ती आणली, आपण एक चावा घेतला, डोळ्यांत पाणी आलं आणि भरल्या गळ्यानं आपण तिला मिरीच्या घरात घेतलं. गोव्यात आणि तळकोकणात मिरचीला मिरसांग म्हणतात. कान देऊन ऐका, मिरी आणि शेंग दोन्ही ऐकू येतील. कोलंबसानं तरी पगारासाठी केलं, आपण फुकट केलं. हिंदीत तर कहर झाला. तिथे 'मिर्च' म्हटलं की मिरची आणि जी मूळची मरिच ती 'काली मिर्च'. पागडीच्या खोलीत पोटभाडेकरू आला, त्यानं दारावर आपल्या नावाची पाटी ठोकली आणि मूळ भाडेकरू 'आतल्या खोलीतले काळे' एवढ्या ओळखीवर दिवस काढू लागले, त्यातला प्रकार. मराठीनं मिरी हे नाव शाबूत ठेवलं, त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. तरीही वाण्याकडे जाऊन आपण "काळी मिरी द्या" असंच म्हणतो, जणू मोरपंखी मिरीही त्यानं मागवून ठेवली आहे.

जिभेची बाजू घेतो म्हटल्यावर पुरावा दिला पाहिजे आणि तो भरभक्कम आहे. मिरीतला झोंबणारा पदार्थ पायपरीन. तो १८१९ मध्ये वेगळा काढला डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी, हेच ते पुढच्याच वर्षी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवणारे. मिरी हाताळलेला माणूस स्वस्थ बसत नाही, याचा आणखी काय पुरावा हवा. मिरचीतला पदार्थ कॅप्सेसिन. रसायन वेगळं, झाड वेगळं, खंड वेगळा. पण आपल्या तोंडातल्या मज्जातंतूंवर उष्णतेची वर्दी देणारं एक प्रथिन असतं आणि ही दोन्ही रसायनं त्याचीच कडी वाजवतात. कॅप्सेसिन वापरून ते प्रथिन १९९७ मध्ये शोधून काढलं डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो यासाठीही. साधारण ४३ अंशांपुढची उष्णता असो, मिरची असो की मिरी, आतून निरोप एकच जातो: भाजलं! घसा पोळलेला माणूस हंगेरीचा असो वा हातकणंगल्याचा, त्याला मिरी आणि मिरची एकच वाटली, तर त्याची चूक काय? वनस्पतिशास्त्रज्ञ फुलं मोजत होता तेव्हा हा पाणी शोधत होता.

यावर हुशार वाचक विचारील, मग ढोबळी मिरचीचं काय? प्रश्न रास्त आहे. तिखटपणासाठी जे नाव दिलं ते आज सगळ्यांत जास्त ऐटीत मिरवते ती ही बया, आणि तिच्यात कॅप्सेसिन औषधालाही नाही. एका जनुकातल्या बिघाडामुळे ते बनतच नाही. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखटपणा मोजायची पट्टी काढली, त्यात हिला शून्य गुण. नापास होऊनही आडनाव कायम. आपणही तिला मिरचीच म्हणतो आणि वर सिमला हे गाव जोडतो, जे तिचं मूळ गाव नव्हेच. कारण साधं आहे. नाव देताना जीभ हजर असते, नाव काढून घ्यायला कुणीच येत नाही. पेपरमिंटच्या बाबतीत मात्र माझा सिद्धांत जरा लंगडतो हे मान्य आहे. त्या गोळीनं तोंड गार पडतं, तरी नावात मिरी आहे. झणका दोन्हीकडे आहे असं म्हणून मी वेळ मारून नेतो.

शास्त्रज्ञांच्या हाती नावं दिली असती तर बरं झालं असतं, असं म्हणणाऱ्यांनी ज्यांच्याकडे ती दिली त्यांचाही हिशेब तपासावा. हबानेरो मिरचीच्या जातीला १७७६ मध्ये जॅकिन या शास्त्रज्ञानं 'चिनी' असं लॅटिन नाव दिलं. मिरची अमेरिकेची, तिचा चीनशी संबंध एवढाच की जॅकिनला तसं वाटलं. कोकणातल्या कुठल्याही वाडीत पोफळीवर मिरीचा वेल चढलेला असतो आणि शेजारच्या पोफळीवर पानवेल. ही विड्याची पानवेल मिरीची सख्खी बहीण, एकाच वंशातली, पण रोजच्या इंग्रजीत तिला कुणी पेपर म्हणत नाही. उलट बांगड्याच्या आमटीत आपण घालतो त्या तिरफळाचा चिनी भाऊ लिंबाच्या कुळातला, तो मात्र सिचुआन पेपर. आंबा-काजूच्या कुळातले गुलाबी दाणे पिंक पेपर. पेपर स्प्रेमध्ये असते ती मिरची. आणि पूआव्र, म्हणजे शब्दशः मिरी, असं आडनाव असलेल्या फ्रेंच गृहस्थानं अठराव्या शतकात डचांच्या नाकावर टिच्चून पळवलं काय, तर लवंग आणि जायफळ.

या घोळानं कुणाचं काय बिघडतं, असा शेवटचा आक्षेप उरतो. बिघडतं ते बहुतेक करून शाकाहाऱ्यांचं. अमेरिकेत पेपरोनी म्हणजे मांसाच्या चकत्या, हे मराठी पर्यटक निघण्यापूर्वी घोकून ठेवतो. इटलीत गेल्यावर यादीत 'पेपेरोनी' दिसलं की अख्खी सहल शहारते. "नो पेपरोनी! वुई व्हेजिटेरियन!" इटालियन वाढपी गोंधळतो, कारण त्याच्या भाषेत तो ढोबळ्या मिरच्यांचा पिझ्झा असतो आणि यादीतला बहुधा तोच एक निर्धास्तपणे खाण्यासारखा. मंडळी मग चीजचा कोरडा पिझ्झा चावतात आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढतात.

पिप्पलीचा प्रवास मात्र अजून संपलेला नाही. अरबांची फिल्फिल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली, स्वाहिलीत 'पिलिपिली' झाली आणि मिरचीला चिकटली. पोर्तुगीजांच्या तोंडी तिची पिरी-पिरी झाली. अलीकडे ती पेरी-पेरी या नावानं आपल्याकडे आली आहे आणि बटाट्याच्या काड्यांवर, मक्यावर, मखाण्यावर सगळीकडे भुरभुरली जाते, अर्थात जास्तीचे पैसे घेऊन. काष्ठौषधीवाल्याच्या बरणीत पिंपळी धूळ खात असते आणि समोरच्या गाडीवर कॉलेजची पोरं रांग लावून उभी असतात.

"पेरी-पेरी टाकू का, काका? वीस रुपये एक्स्ट्रा."

"ते काय असतं?"

"आफ्रिकेचा मसाला आहे. तुम्हाला नाही कळायचं."